फायरबॉलही हवा आणि संजीवनीही हवी! डी अँड डीमध्ये दोन जादूगारांचा एक जादूगार केला तर नक्की काय होतं?

'स्ट्रेंजर थिंग्ज' ज्यांनी पाहिली आहे त्यांना पहिल्याच भागातली सुरुवात आठवत असेल. तळघरात टेबलाभोवती चार पोरं बसलेली, समोर डेमोगॉर्गन, आणि विलला काही सेकंदांत ठरवायचंय. एक मित्र ओरडतोय की फायरबॉल टाक, दुसरा ओरडतोय की संरक्षणाचा मंत्र म्हण. विल फायरबॉल निवडतो, फासा घरंगळत जातो आणि आकडा येतो ७. डेमोगॉर्गन जिंकतो.

हा खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', लाडाने डी अँड डी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली तो बाजारात आणला. पहिली आवृत्ती होती अवघ्या १,००० प्रतींची. आज ५० वर्षं उलटून गेली तरी टेबलावर बसलेल्या जवळपास प्रत्येक नव्या खेळाडूच्या डोक्यात एक प्रश्न येतोच. आग टाकणारा वेगळा आणि जखमा भरणारा वेगळा कशाला? एकाच माणसाला दोन्ही येऊ द्या की!

तर येऊ देता येतं. त्याला 'मल्टिक्लास' म्हणतात. फक्त त्याची किंमत कुठे मोजावी लागते हे बहुतेकांना उशिरा कळतं. तोवर पात्र आठव्या-नवव्या लेव्हलला पोहोचलेलं असतं आणि बाकीचे चौघे आपल्याकडे बघत असतात.

आधी अगदी थोडक्यात खेळ समजून घेऊ. इथला क्लास म्हणजे शिकवणीचा नव्हे, तर तुमच्या पात्राचा पेशा. विझर्ड पुस्तकं घोकून जादू शिकतो. क्लेरिकला ती देवाकडून मिळते. सॉर्सररच्या रक्तातच असते. वॉरलॉक कुठल्यातरी अमानवी शक्तीशी सौदा करून ती मिळवतो. पेशात अनुभव वाढला की लेव्हल वाढते, १ पासून २० पर्यंत. मल्टिक्लास म्हणजे नवी लेव्हल मिळाली की जुन्या पेशात पुढे जाण्याऐवजी दुसऱ्या पेशाची पहिली लेव्हल घेणं. एकूण लेव्हल तेवढीच राहते, ती फक्त दोन घरांत विभागली जाते.

आता मुख्य गोम.

डी अँड डीची जादू जॅक व्हॅन्स या लेखकाच्या कल्पनेवर उभी आहे. त्याच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकातले जादूगार मंत्र डोक्यात कोंबून ठेवतात आणि एकदा उच्चारला की तो मंत्र डोक्यातून पुसला जातो. गायगॅक्सला ही कल्पना फार आवडली. इतकी की खेळातल्या व्हेक्ना या खलनायकाचं नाव व्हॅन्सच्या आडनावातली इंग्रजी अक्षरं उलटसुलट करून बनलंय. 'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या चौथ्या सीझनमधल्या खलनायकाला पोरांनी दिलेलं नाव ते हेच.

नंतर नियम सैल होत गेले. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत दोन गोष्टी वेगळ्या केल्या गेल्या, मंत्र आणि स्लॉट. मंत्रांच्या नऊ पायऱ्या आहेत आणि स्लॉटच्याही नऊ. मंत्र म्हणजे तुम्हाला येणारी पाककृती, तर स्लॉट म्हणजे ती शिजवायचं पातेलं. तिसऱ्या पायरीचा फायरबॉल शिजवायला तिसऱ्या पायरीचं पातेलं लागतं. त्याहून मोठं वापरलं तर फायरबॉलही मोठा होतो. एकदा वापरलेलं पातेलं मात्र रात्रभराची झोप झाल्याशिवाय परत मिळत नाही.

दोन जादुई पेशे एकत्र केले की काय होतं? पातेल्यांची बेरीज होते. पाककृतींची होत नाही.

एवढं एक वाक्य डोक्यात ठेवलं तरी या विषयातला निम्मा गोंधळ मिटतो.

उदाहरण घेऊ. एक पात्र ५ लेव्हल विझर्ड आणि ५ लेव्हल क्लेरिक आहे, म्हणजे एकूण १०. नियम सांगतो की दोन्ही पेशे पूर्णवेळ जादूगारांचे असल्यामुळे लेव्हल्सची सरळ बेरीज करा आणि १० लेव्हलच्या जादूगाराएवढे स्लॉट घ्या. म्हणजे पहिल्या पायरीचे ४, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पायरीचे प्रत्येकी ३, पाचव्या पायरीचे २. शुद्ध दहाव्या लेव्हलच्या विझर्डकडे असतात तेवढेच, एकही कमी नाही.

इथपर्यंत वाचून माणूस खूश होतो. मग पुढची ओळ येते. कुठले मंत्र येतात हे ठरवताना मात्र प्रत्येक पेशा स्वतंत्र धरायचा, जणू दुसरा अस्तित्वातच नाही. पाचव्या लेव्हलच्या विझर्डला तिसऱ्या पायरीपर्यंतचेच मंत्र येतात. पाचव्या लेव्हलच्या क्लेरिकचंही तेच. म्हणजे या पात्राकडे चौथ्या आणि पाचव्या पायरीची पाच पातेली आहेत, पण त्या पायरीचा एकही पदार्थ येत नाही. डेग घरात आणली म्हणून बिर्याणी जमत नाही, तसलाच प्रकार.

मग त्या पातेल्यांत शिजवायचं काय? खालच्याच पायरीचे मंत्र, जास्त प्रमाणात. फायरबॉलमध्ये साधारणपणे सहा बाजूंचे ८ फासे टाकतात, सरासरी नुकसान २८. पाचव्या पायरीचा स्लॉट वापरला तर १० फासे, सरासरी ३५. वाईट नाही, पण त्याच स्लॉटमध्ये शुद्ध विझर्ड शत्रूंच्या टोळीच्या मधोमध 'वॉल ऑफ फोर्स' उभी करतो. ती अदृश्य भिंत तलवारीच्या वाराने तुटत नाही. अर्धी टोळी भिंतीपलीकडे, अर्धी आपल्या तावडीत! इथे ७ गुणांच्या फरकाचा प्रश्नच उरत नाही, लढाईचा नकाशाच बदलतो.

क्लेरिकच्या बाजूला हेच जास्त टोचतं. पाचव्या लेव्हलच्या क्लेरिकला 'रिव्हिव्हिफाय' येतो. त्याने मेलेल्याला जिवंत करता येतं, पण मरून एक मिनिट व्हायच्या आत, आणि ३०० सुवर्णमुद्रांचा हिरा खर्च करून. लढाई लांबली, साथीदार दुसऱ्या खोलीत पडला, ते एक मिनिट निघून गेलं तर? मग 'रेज डेड' लागतो. त्याला १० दिवसांपर्यंतची मुदत आहे, पण तो पाचव्या पायरीचा मंत्र आहे आणि त्यासाठी क्लेरिकच्याच ९ लेव्हल लागतात. आपल्या ५-५ वाल्याकडे तेवढा स्लॉट आहे, हिरा विकत घ्यायला पैसेही असतील, मंत्र मात्र नाही. संजीवनी शिकायला कचालाही शुक्राचार्यांच्या दारात वर्षानुवर्षं राहावं लागलं होतं. अर्धा वेळ दुसऱ्या गुरूकडे घालवून ती मिळाली नसती.

आणि मेलेलं पात्र कुणाचं तरी असतं. वर्षभर दर शनिवारी येऊन खेळणाऱ्या मित्राचं. ही गणितं कोरडी वाटतात, पण त्यांचा हिशेब अशा रात्री होतो.

आणखी दोन अडचणी आहेत. एक म्हणजे एकाग्रता. बरेच ताकदवान मंत्र चालू ठेवायला मन एकाग्र लागतं, आणि एका वेळी असा एकच मंत्र चालतो. क्लेरिकचा 'ब्लेस' आणि विझर्डचा 'हेस्ट' दोन्ही याच प्रकारातले. पेशे दोन झाले तरी डोकं एकच, त्यामुळे दोन्ही एकदम चालू ठेवता येत नाहीत.

दुसरी अडचण गुणांची. विझर्डची जादू बुद्धिमत्तेवर चालते, क्लेरिकची शहाणपणावर. (हे दोन वेगळे गुण आहेत, असं या खेळाचं ठाम मत आहे. आपल्या आजूबाजूला बघितलं तर पटतंही.) नियमानुसार जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पेशांच्या मुख्य गुणात किमान १३ असल्याशिवाय मल्टिक्लास करताच येत नाही. पण १३ म्हणजे नुसतं दारात पाय ठेवण्यापुरतं. शत्रूला तुमचा मंत्र चुकवणं किती कठीण जाईल हेही त्याच गुणावर ठरतं. दोन गुण सांभाळायचे म्हटलं की दोन्ही मध्यम राहतात. त्यात गुण वाढवायची संधी पेशाच्या ४, ८, १२ अशा लेव्हलला मिळते, एकूण लेव्हलला नाही. ३ लेव्हल इकडे आणि ३ तिकडे घेणारा सहाव्या लेव्हललाही ही संधी एकदासुद्धा मिळालेली नसतो.

एक ना धड, भाराभर चिंध्या. ही म्हण जणू मल्टिक्लासवाल्यांसाठीच जन्माला आली असावी.

हा तिढा नवा नाही. १९७४ च्या पहिल्या नियमांत एल्फ जमातीच्या पात्रांना एका मोहिमेत योद्धा आणि पुढच्या मोहिमेत जादूगार होता यायचं, फक्त मोहिमेच्या मध्येच टोपी बदलता येत नसे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस 'ॲडव्हान्स्ड' आवृत्ती आली आणि एल्फ, ड्वार्फ वगैरेंना दोन-तीन पेशे एकदम सुरू ठेवायची मुभा मिळाली. अनुभवाचे गुण त्या पेशांत सारखे वाटले जायचे. गंमत अशी की त्या काळी पुढच्या लेव्हलला लागणारे गुण बराच काळ दुप्पट होत जायचे. त्यामुळे निम्मे गुण मिळाले तरी माणूस इतरांपेक्षा जेमतेम एक लेव्हल मागे राही. एका लेव्हलच्या बदल्यात अख्खा दुसरा पेशा, इतका स्वस्त सौदा पुन्हा कधी झाला नाही.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत बरोबर उलटं झालं. कुणीही, कधीही, कुठल्याही पेशाची लेव्हल घ्या, असं मोकळं रान मिळालं. पण दोन जादुई पेशांचे मंत्र, स्लॉट आणि ताकद सगळं वेगवेगळं. तेव्हाचा फायरबॉल विझर्डच्या लेव्हलगणिक वाढायचा. दहाव्या लेव्हलचा विझर्ड १० फासे टाकायचा आणि शेजारी बसलेला ५-५ वाला फक्त ५. दहाव्या लेव्हलच्या राक्षसासमोर पाचव्या लेव्हलचे दोन जादूगार एकाच अंगरख्यात! शेवटी त्यावर मलमपट्टी म्हणून 'मिस्टिक थर्ज' नावाचा खास पेशा काढावा लागला. आधी दोन्हीकडे तीन-तीन लेव्हल काढा, मग या पेशाची एक लेव्हल घेतली की दोन्हीकडची जादू एकदम पुढे सरकेल. चौथ्या आवृत्तीत तर लेव्हल वाटणंच बंद झालं, दुसऱ्या पेशातली एखाददुसरी करामत तेवढी उचलता यायची. पाचव्या आवृत्तीतली पातेल्यांची बेरीज ही या सगळ्यानंतर सापडलेली मधली वाट आहे, आणि आजवरच्या वाटांपैकी तीच सगळ्यात समजूतदार म्हणावी लागेल. ताकद पूर्ण जात नाही, पण शिखर मात्र ज्याने एकच वाट धरली त्यालाच मिळतं.

मग लोक मल्टिक्लास करतात तरी का?

कारण काही जोड्या खरोखर जमतात. बार्ड, सॉर्सरर, वॉरलॉक आणि पॅलाडिन हे चौघेही व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावावर जादू करतात. गुण एकच असल्यामुळे वर सांगितलेली अडचण जवळपास मिटते. (पॅलाडिनला ताकदही १३ लागते, ते सोडा.) यातली सगळ्यात गाजलेली जोडी म्हणजे पॅलाडिन आणि सॉर्सरर, खेळाडूंच्या भाषेत 'सॉर्काडिन'.

पॅलाडिन हा देवाधर्माची शपथ घेतलेला योद्धा, अर्धवेळ जादूगार. त्याच्या स्लॉटची मोजणी निम्म्याने होते. पण २०१४ च्या नियमांत त्याच्याकडे 'डिव्हाइन स्माइट' होता. तलवारीचा वार बसल्यावर, हो बसल्यावर, एक स्लॉट खर्चून त्या वारात दैवी तेज ओतायचं. पहिल्या पायरीच्या स्लॉटला आठ बाजूंचे २ फासे, पुढे पायरीगणिक एक जास्त, कमाल ५. वार वर्मी लागला तर फासे दुप्पट. आता बाराव्या लेव्हलच्या शुद्ध पॅलाडिनकडे एकूण १० स्लॉट असतात आणि तेही तिसऱ्या पायरीपर्यंतच. ६ लेव्हल पॅलाडिन आणि ६ लेव्हल सॉर्सरर केला की हिशेब ३ अधिक ६ म्हणजे ९ चा, आणि स्लॉट १४, थेट पाचव्या पायरीपर्यंत. वरच्या पायरीचे मंत्र येत नाहीत याचं इथे कुणाला दुःखच नाही, कारण पातेल्यात काही शिजवायचंच नाही, ते शत्रूच्या डोक्यात घालायचंय! २०२४ च्या सुधारित नियमांनी यावर लगाम घातला. स्माइट आता मंत्र झाला आहे, त्यासाठी बोनस ॲक्शन लागते, आणि त्यामुळे एका खेपेत एकदाच जमतो.

वॉरलॉकची भानगड मात्र या बेरजेत बसतच नाही. त्याचे स्लॉट मोजके, पण तासाभराच्या छोट्या विश्रांतीनंतर परत मिळणारे. म्हणून नियमांनी त्याची चूल वेगळी ठेवली. बेरजेत त्याची लेव्हल धरत नाहीत, पण त्याच्या स्लॉटमध्ये दुसऱ्या पेशाचे मंत्र म्हणता येतात आणि उलटही. आणि याच फटीतून डी अँड डीतली सगळ्यात कुप्रसिद्ध पळवाट निघाली, 'कॉफीलॉक'.

युक्ती अशी. सॉर्सररला स्लॉट मोडून गुण करता येतात आणि ते गुण देऊन नवे स्लॉट बनवता येतात. थोडक्यात, नोटा मोडून सुट्टे आणि सुट्ट्यांच्या पुन्हा नोटा. असे बनवलेले जादा स्लॉट रात्रीच्या मोठ्या विश्रांतीनंतर नाहीसे होतात. आता यात वॉरलॉकच्या २ लेव्हल मिसळा. दर तासाला पहिल्या पायरीचे २ स्लॉट फुकट मिळतात. ते मोडले की २ गुण. २ गुणांत पहिल्या पायरीचा एक जादा स्लॉट. पुन्हा तासभर विश्रांती, पुन्हा तेच. बाकीचे साथीदार आठ तास झोपलेत तोवर या पठ्ठ्याने आठ जादा स्लॉट जमवले. आणि ते नाहीसे होऊ द्यायचे नसतील तर एकच पथ्य, झोपायचंच नाही. म्हणून कॉफी!

२०१७ साली 'झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग' या पुस्तकाने डंजन मास्टरच्या हाती यावर उतारा दिला. मोठ्या विश्रांतीविना २४ तास गेले की शरीरबळाची परीक्षा, नापास झालात तर थकव्याची एक पायरी, आणि दर दिवशी परीक्षा आणखी अवघड. थकव्याची सहावी पायरी म्हणजे मृत्यू. विनोद असा की वॉरलॉकला झोपेची गरजच उरणार नाही अशी एक शक्तीही याच पुस्तकाने दिली. त्यामुळे वाद मिटला नाही, नव्याने पेटला. प्रत्यक्षात बहुतेक टेबलांवर याचा निकाल डंजन मास्टरच्या भुवया लावतात.

या टोकाच्या करामतींपेक्षा साधी एका लेव्हलची उसनवारी जास्त कामाची. विझर्डला चिलखत घालायचं शिक्षण नसतं, एका बाणात आडवा होतो. क्लेरिकची एकच लेव्हल घेतली की मध्यम चिलखत आणि ढाल मिळते, जखमा भरणारे छोटे मंत्र मिळतात, आणि दोन्ही पूर्णवेळ जादूगार असल्यामुळे एकही स्लॉट कमी होत नाही. किंमत एवढीच की विझर्डचा प्रत्येक नवा मंत्र एक लेव्हल उशिरा येतो. फायरबॉल पाचव्याऐवजी सहाव्या लेव्हलला. ही एक लेव्हल कागदावर किरकोळ दिसते. खेळताना ती तीन-चार आठवड्यांची असू शकते, आणि मधल्या काळात समोरचे राक्षस काही तुमच्यासाठी थांबत नाहीत. म्हणूनच बरेच मुरलेले खेळाडू मुख्य पेशाच्या ५ लेव्हल पूर्ण होईपर्यंत दुसरीकडे बघत नाहीत. आणि नवव्या पायरीचा 'विश' ज्याला हवाय त्याने विझर्डच्या किंवा सॉर्सररच्या १७ लेव्हल राखून ठेवायच्या. उसनवारीला उरतात फक्त ३. अर्थात, बहुतेक मोहिमा तिथवर पोहोचायच्या आधीच कुणाची तरी बदली होते, कुणाचं लग्न ठरतं.

ज्यांनी हा खेळ टेबलावर न खेळता 'बाल्डर्स गेट ३' या २०२३ च्या व्हिडिओ गेममध्ये पाहिलाय, त्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. त्या गेममध्ये १३ गुणांची अट नाही. शिवाय तिथला विझर्ड जादूची गुंडाळी वाचून मंत्र शिकताना त्याच्या स्लॉटची पायरी पाहिली जाते, विझर्डची लेव्हल नाही. परिणामी ११ लेव्हल क्लेरिक आणि फक्त १ लेव्हल विझर्ड असलेला भिडू सहाव्या पायरीचे विझर्डी मंत्र शिकून बसतो. डेग आणली आणि बिर्याणीही आली! टेबलावरच्या नियमांत हे अजिबात चालत नाही. तिथे त्या विझर्डला पहिल्या पायरीपलीकडचं काहीही आपल्या पुस्तकात उतरवता येत नाही, गुंडाळी हातात असली तरी. शिवाय गेममध्ये जोडी फसली तर छावणीतल्या विदर्सला १०० सुवर्णमुद्रा देऊन सगळ्या लेव्हल पुन्हा वाटून घेता येतात. टेबलावर तशी सोय हवी असेल तर डंजन मास्टरशी पात्र बनवतानाच बोलून घ्यावं लागतं. २०१४ च्या पुस्तकात तर मल्टिक्लास हा मुळातच ऐच्छिक नियम होता. डंजन मास्टर नाही म्हणाला की विषय संपला.